जुफेरमधलं गाऱ्हाणं

अमेरिकन माणूस जेवायला बसला की आधी दोन्ही बाजूंना हात पुढे करतो. तो हात भांडं मागायला नसतो, हे मला पहिल्या शुक्रवारी ठाऊक नव्हतं. सरांनी माझ्याकडे हात केला आणि मी आपलं त्यांच्या हातात कोशिंबिरीचं मोठं वाडगं ठेवलं. त्यांनी ते शांतपणे खाली ठेवलं आणि पुन्हा हात पुढे केला. आता काय मेलं मागतात, म्हणून मी टेबलावर शोधाशोध करायला लागले. तेवढ्यात पलीकडून मॅडमनी माझा डावा हात धरला आणि म्हणाल्या, अगं, प्रार्थना आहे. टेबलाभोवतीची सगळी माणसं एकमेकांचे हात धरून, डोळे मिटून बसली होती. माझं तोंड लाजेनं एवढंसं झालं.

मी नर्स. एका एजन्सीतर्फे लोकांच्या घरी जाऊन आजारी माणसांचं बघते. मॅडम बाथरूममध्ये घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि घरी आल्यावर त्यांच्यासाठी एजन्सीनं मला पाठवलं. मॅडम सत्तरीच्या. सर, म्हणजे त्यांचे यजमान, त्यांच्याहून थोडे मोठे, पण ताठ. पूर्वी अमेरिकेच्या नौदलात होते, निवृत्तीनंतर इथे बहारीनमध्येच, अमेरिकेच्या नौदल तळावर साधी नोकरी धरली आणि इथलेच झाले. घर जुफेरमध्ये, उंच बिल्डिंगीत. एका खिडकीतून समुद्र दिसायचा आणि दुसऱ्या खिडकीतून तळाची भिंत. मी रोज दुपारी जायचे. आंघोळ, गोळ्या, पायाचे व्यायाम, मग काठी धरून हॉलमध्ये दोन फेऱ्या.

मी राहते तिथून जवळच, गुदैबिया म्हणून वस्ती आहे तिथे, एका खोलीत. आधी आम्ही तिघं होतो. नवऱ्याच्या कंपनीनं इथलं काम बंद केलं, त्याचा व्हिसा गेला, तो गावी गेला. मुलगा इंजिनिअरिंगला पुण्यात. त्याला मराठीत विचारावं, जेवलास का, तर तो इंग्रजीत सांगतो की मीटिंग आहे, नंतर बोलू. कॉलेजातल्या पोराला कसल्या मीटिंगा असतात देव जाणे. त्याची फी भरायची म्हणून मी मागे राहिले. कामाचे दिवस जातात. शुक्रवार जात नाही. खालच्या गल्लीत आपल्याच लोकांची हॉटेलं, सकाळपासून वडे तळल्याचा वास, बायकापोरांना घेऊन आलेली माणसं, आणि मी वर पंख्याखाली कालचा भात गरम करणार. शुक्रवारी मला घर खायला उठायचं. म्हणून मॅडम एकदा म्हणाल्या की शुक्रवारी ड्यूटी नको, पण जेवायला ये, पाहुणी म्हणून, तेव्हा मी नको-नको असं एकदाच म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चचा रविवारही शुक्रवारीच असतो. सकाळी चर्च, मग पाच-सहा अमेरिकन कुटुंबं सरांकडे जेवायला. प्रत्येकजण काहीतरी करून आणायचा. जेवणाआधी प्रत्येकानं सांगायचं, कशासाठी प्रार्थना हवी. कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाची बदली, कुणाचा मुलगा बोटीवर. मग सर डोळे मिटून ते सगळं एकामागून एक मोठ्यानं देवाला सांगायचे, आणि शेवटी सगळे एका सुरात म्हणायचे, आमेन.

मला दुसऱ्या-तिसऱ्या शुक्रवारीच कळलं, अगं बाई, हे तर आमचं गाऱ्हाणं! आमच्या सिंधुदुर्गात देवळात असंच चालतं. गावचा मानकरी देवासमोर हात जोडून उभा राहतो आणि गावाच्या वतीनं देवाशी रोखठोक बोलतो. पाऊस दे म्हणतो, गुरंढोरं राख म्हणतो, मुंबईला गेलेली पोरं सुखरूप ठेव म्हणतो. दर वाक्याला तो थांबतो, आणि मागे उभी असलेली माणसं एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ आमच्या गावात तो मान माझ्या वडिलांचा. त्यांचा आवाज असा, की वाटे देव आता गाभाऱ्यातून उठून बाहेर येतोय. आम्ही मुली, बायका मागे. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं काम आमचं, बोलायचं काम नाही.

हे मी मॅडमना व्यायाम करताना सांगितलं. त्यांना त्याची फार गंमत वाटली. पाय वर उचलताना दुखलं की त्या स्वतःच म्हणायला लागल्या, ‘व्हय म्हाराजा’. त्यांच्या तोंडी ते इतकं वेडंवाकडं यायचं की मला हसू आवरायचं नाही.

पण ते निवडणुकीचं वर्ष होतं. जसजशी निवडणूक जवळ आली, तशी सरांची प्रार्थना लांबत गेली. आधी आजारी माणसं, मग बदल्या, मग बोटीवरची मुलं, मग देश. देशानंतर एक नाव यायला लागलं, त्यांच्या उमेदवाराचं. हा माणूस तू निवडलेला आहेस, असं सर देवाला सांगायचे. याच्या हातून देश पुन्हा तुझ्या वाटेवर आण. विरोधकांचे डोळे उघड. माझ्या मनात आलं, आता नारळ तेवढा फोडायचा राहिला. एक तरुण जोडपं होतं, बायको छान लिंबाचा केक करायची. त्या नावाला ती दोघं आमेन म्हणायची नाहीत, नुसती मान खाली घालून बसायची. मग एका शुक्रवारी ती आली नाहीत. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, ते आता दुसऱ्या चर्चमध्ये जातात. मी पुढे काही विचारलं नाही. ही भाषा मला गावाकडून ठाऊक होती.

कारण तिकडे माझ्या घरात दुसरं काय चाललं होतं? नवरा इथे असताना त्याला वर्तमानपत्र वाचायचा कंटाळा. गावी गेला आणि देवळाच्या जीर्णोद्धार कमिटीत शिरला. आमची कमिटी म्हणजे अर्धी ग्रामपंचायतच. सभामंडपाच्या खांबांवर कुठल्या पुढाऱ्याचा फोटो लावायचा, यावरून चुलतभावाशी बोलणं बंद. दोन्ही पॅनेलवाले एकाच देवाला नारळ ठेवून अर्ज भरायला जाणार आणि दोघंही सांगणार, देवानं कौल आम्हालाच दिलाय. नवऱ्याचा फोन आला की मी विचारायचे, तू जेवलास का, आणि तो मला सांगायचा, कोण कोणाकडून फुटला. मी बरी आहे का, हे विचारायला तो विसरायचा. मुद्दाम नव्हे, पण विसरायचा.

म्हणून सरांच्या प्रार्थनेनं मला धक्का बसला नाही. पण मॅडमचं दुःख कळलं तेव्हा बसला.

त्यांना एकुलती एक मुलगी. चाळिशीला टेकलेली. ती तिकडे अमेरिकेत एका छोट्या चर्चची पाद्री होती. हे ऐकून मी थांबलेच. मला वाटलं होतं, मुलीनं धर्म सोडला असेल, म्हणून बाप रागावला असेल. मॅडम म्हणाल्या, धर्म सोडून गेली असती तर त्यांनी तिच्यासाठी रोज गुडघे टेकले असते. ती तर धर्म घेऊनच त्यांच्यासमोर उभी राहिली.

बाप-लेक दोघंही एकच पुस्तक वाचून भांडत होते. सरांचं म्हणणं, पोटातल्या जिवाला मारणाऱ्यांना मत दिलं तर देव आपल्याला जाब विचारेल. मुलीचं म्हणणं, दारात आलेल्या परक्याला हाकलून देणाऱ्यांना मत दिलं तर देव आपल्याला जाब विचारेल. दोघांकडेही आपापली पानं होती. मॅडमना दोन्ही पानं पाठ होती, आणि त्या मधे बसलेल्या. तळाजवळच्या त्या घरातून फोनवर दोघांचं वाजलं ते असं: मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही देवाकडे मतं मागता ते मला ऐकवत नाही, त्या टेबलावर ती प्रार्थना चालते तोवर मी त्या घरात फोन करणार नाही. आणि आईशी चोरून बोलणार नाही, बोलले तर दोघांशी बोलेन. सर म्हणाले, ठीक आहे, ती माफी मागेपर्यंत या टेबलावर तिचं नाव निघणार नाही.

त्याला बरेच महिने झाले होते. आणि मुलीला दिवस गेले होते. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, आता आशा सोडली होती तेव्हा. हेही मॅडमना मेसेजवरूनच कळलेलं. त्यांनी मेसेज केला की उत्तर यायचं, मी बरी आहे, आई. एवढंच. मॅडमचा खुबा असा, विमानात बसायची सोय नाही. त्यांचा जीव नुसता टांगणीला लागलेला.

मी आपली नेहमीची फटकळ. म्हटलं, मग तुम्हीच करा की तिच्यासाठी प्रार्थना, त्यांना कशाला विचारायला हवं? त्या म्हणाल्या, मनात रोजच करते. पण त्या टेबलावर बोलायचं ते सरांनी, हे लग्न झाल्यापासून ठरलेलं. आणि मनातली प्रार्थना आणि चारचौघांनी आमेन म्हटलेली प्रार्थना यात त्यांना फार अंतर वाटायचं. त्यांना एवढंच हवं होतं, की एकदा, फक्त एकदा, त्या टेबलावर मुलीचं नाव मोठ्यानं घेतलं जावं आणि त्यावर तिच्या बापानं आमेन म्हणावं. तेवढं झालं की मुलगी परत येईल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मला त्यात वेडेपणा वाटला नाही. आमच्याकडेही मनातल्या मनात गाऱ्हाणं होत नाही.

त्यानंतर मला शुक्रवारचं जेवण गोड लागेना. सर हात पुढे करायचे, मी हात द्यायचे, ते देशापर्यंत यायचे, त्या नावापर्यंत यायचे, आणि शेजारी मॅडमचा हात माझ्या हातात गार पडायचा. आता घेतील मुलीचं नाव, आता घेतील, असं मलाच वाटत राहायचं. ते आमेन म्हणून मोकळे व्हायचे आणि वाटाणे वाढायला घ्यायचे. माणूस वाईट नव्हता हो. माझ्या मुलाची परीक्षा होती तेव्हा त्यांनी न सांगता त्याचं नाव प्रार्थनेत घेतलं होतं. बहारीनमध्ये माझ्या मुलाचं नाव मोठ्यानं घेणारा दुसरा कोणी नव्हता. म्हणूनच मला जास्त राग यायचा. माझ्या पोराचं नाव चालतं, आणि स्वतःच्या पोरीचं नाही?

निवडणूक झाली. त्यांचा माणूस जिंकला. पुढच्या शुक्रवारी घरात नुसता उत्साह. कोणी केक आणलेला, त्यावर त्यांचा झेंडा. सरांनी त्या दिवशी आभाराची प्रार्थना केली, आणि संपवताना डोळे उघडून माझ्याकडे वळले. मनात काही नसताना, अगदी मोकळेपणानं म्हणाले की ही बाई इतके दिवस आपल्या देवाला आमेन म्हणतेय, आज तिनं प्रार्थना करावी. तिच्या पद्धतीनं. तिचे वडील गावाच्या वतीनं प्रार्थना करायचे असं मी ऐकलंय.

मॅडमनीच सांगितलेलं, दुसरं कोण? मी म्हटलं, सर, मला येत नाही. ते म्हणाले, देवाला सगळं समजतं. आणि सगळ्यांनी डोळे मिटून घेतले.

आता गाऱ्हाणं घालताना डोळे मिटत नाहीत. आम्ही देवाकडे बघून बोलतो, समोरच्या माणसाशी बोलावं तसं. मी उभी राहिले, हात जोडले, आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत वडिलांच्या चालीवर सुरुवात केली. जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, हे देवा महाराजा, आज या घरात ही मंडळी जमली आहेत, त्यांना सुखात ठेव. आणि थांबले. वडील थांबायचे म्हणून थांबले. टेबलाभोवती जरा चुळबुळ झाली, मग सगळ्यांना उमगलं आणि ते म्हणाले, आमेन. पुन्हा म्हटलं, घरदार सोडून परमुलखात कामाला आलेत, त्यांच्या पायाला काटा लागू देऊ नको. आमेन. जी मुलं बोटीवर आहेत त्यांना किनाऱ्याला लाव. आमेन. सरांचा आवाज सगळ्यांत मोठा. त्यांना ते आवडलं होतं, मिटल्या डोळ्यांनी ते हसत होते. माझाही आवाज सुटला. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. मी आता कुणाची नर्स नव्हते.

पण गाऱ्हाण्याची एक रीत आहे. घरातला माणूस वगळायचा नाही. आजारी वगळायचा नाही, लांब गेलेला वगळायचा नाही, आणि रुसून गेलेला तर मुळीच नाही. माझा काका वडिलांच्या विरुद्ध कोर्टात गेला होता, तरी दर जत्रेला वडील देवासमोर त्याचं नाव घ्यायचे आणि तोही मागे उभा राहून मुकाट ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचा. माझी जीभ त्या रुळावरूनच चाललेली. मी मॅडमच्या खुब्यासाठी मागितलं, सरांच्या आयुष्यासाठी मागितलं, आणि पुढचं नाव मुलीचं आलं. मी ते घेतलं. म्हटलं, या घराची लेक लांब आहे, तिच्या पोटात बाळ आहे, दोघांना सांभाळ. बाप-लेकीत जे काही वाकडं झालं असेल, ते कुणामुळे झालं हे तू बघू नको, तेवढं सरळ कर.

आणि थांबले.

मॅडम एवढ्या मोठ्यानं आमेन म्हणाल्या की पलीकडच्या खुर्चीवरची बाई दचकली. बाकीचे काहीतरी पुटपुटले. सरांनी डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. आमची नजरानजर झाली. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. मी वाट पाहिली. वडीलही कुणी गप्प राहिलं तर वाट पाहायचे. सरांचे ओठ उघडले नाहीत. शेवटी मीच आमेन म्हटलं आणि खाली बसले.

जेवण झालं. कोणीतरी भात छान झाल्याचं सांगितलं. भात मी नेला होता.

मला सोडायला सर लिफ्टपर्यंत आले. ते नेहमीच यायचे. दार उघडल्यावर अगदी शांत आवाजात म्हणाले, “या घरात आम्ही प्रार्थनेत राजकारण आणत नाही.”

मी ‘सॉरी सर’ म्हटलं. दार बंद झालं आणि मला हसायला आलं. आरशात बघून एकटीच हसत खाली आले. झेंड्याचा केक खाल्ला, जिंकलेल्या माणसाचे आभार मानले, ते राजकारण नव्हे, आणि मुलीचं नाव घेतलं ते राजकारण! खाली रस्त्यावर आले, टॅक्सीत बसले, आणि गुदैबिया येईपर्यंत हसू कुठल्या कुठे गेलं. मग रडू आलं ते थांबेना. टॅक्सीवाला आपल्याच रत्नागिरीकडचा मुसलमान म्हातारा. त्यानं विचारलं, ताई, गावाकडे काही वाईट झालं का? मी म्हटलं, नाही, सगळं ठीक आहे. तो म्हणाला, इंशाल्ला ठीकच असेल, आणि रेडिओ बंद केला.

आठवड्याच्या सुरुवातीलाच एजन्सीतून फोन आला. मॅडम आता काठीनं चालतात, नर्सची गरज उरली नाही, फॅमिलीनं तुझ्या कामाचं फार कौतुक केलंय. खलास. मला दुसरी केस मिळाली, एका बहारीनी आजींची. चांगलं घर, चांगली माणसं. आजींना माझं काही कळायचं नाही आणि मला त्यांचं. आम्ही दोघी टीव्ही बघायचो.

शुक्रवार पुन्हा माझे मलाच उरले. सकाळी उठायचं, कपडे धुवायचे, बारा वाजेपर्यंत कसंबसं ओढायचं. बांग झाली की खालची गल्ली जरा वेळ शांत व्हायची, मग पुन्हा गजबजायची. मी एकदा दोघांपुरता भात लावला आणि बघत बसले, याचं काय करायचं. नवऱ्याला फोन लावला तर तो मिरवणुकीत होता, मागे ढोल, म्हणाला ऐकू येत नाही, रात्री करतो. मुलाला सांगावंसं वाटलं की मी गाऱ्हाणं घातलं, आजोबा घालायचे तसं. त्याला आधी गाऱ्हाणं म्हणजे काय ते इंग्रजीत समजवावं लागलं असतं. मी नाही सांगितलं. या बेटावर इतकी माणसं आहेत, आणि मला झालेली गोष्ट सांगायला एक माणूस नव्हता.

असे काही आठवडे गेले आणि एका दुपारी मॅडमचा फोन आला. सर कामावर होते. मॅडमनी आधी माझी चौकशी केली. मग सांगितलं, त्यांनी मुलीला मेसेज केला होता की आपल्या टेबलावर सगळ्यांनी मिळून तुझ्यासाठी प्रार्थना केली, तुझं नाव घेऊन. मुलीचं उत्तर आलं होतं. तिनं एकच विचारलं होतं, बाबा आमेन म्हणाले का?

मॅडमना ते माहीत नव्हतं. त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि स्वतःचाच आवाज इतका मोठा लागला होता की दुसऱ्या कुणाचं काही ऐकू आलं नाही. सरांना विचारायची सोय नव्हती. आमेन म्हटलं असलं तरी रागानं नाही म्हणून सांगतील, असं त्या म्हणाल्या. मुलीला काय कळवायचं, म्हणून त्या दोन दिवस अडून बसल्या होत्या. मुलीला खोटं सांगणार नाही, असंही त्यांनी मला बजावलं. प्रार्थनेच्या बाबतीत खोटं सांगायचं नसतं.

“तू उभी होतीस,” त्या म्हणाल्या. “डोळे उघडे होते तुझे, मला माहितेय. ते आमेन म्हणाले का?”

मला ते मिटलेले ओठ लख्ख दिसत होते. वडिलांची आठवण झाली. देवासमोरच्या शब्दात खोट नको, असं ते आम्हाला सांगायचे. पण देवासमोरचं माझं तेव्हाच बोलून झालं होतं. आता माझ्यासमोर फोन होता आणि फोनवर एक म्हातारी बाई.

“म्हणाले,” मी म्हटलं. “मी पाहिलं.”

पलीकडे त्या रडताहेत हे कळलं. मी फोन तसाच कानाला धरून बसले. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही. भीती मात्र वाटली. मुलगी उद्या बापालाच विचारेल, आणि बाप खरं बोलणारा. तो नाही म्हणाला की माझ्यासकट सगळं उघडं पडणार, आणि मॅडमची मुलगी गेली ती कायमची जाणार. मी हे काय करून बसले?

पुढच्या शुक्रवारपर्यंत मी फोन हातातून खाली ठेवला नाही. बहारीनी आजींना गोळी देतानाही एका हातात फोन. शुक्रवारी मॅडमचा फोन आला तेव्हा तिन्हीसांज झाली होती. हॅलोवरूनच मला कळलं, की मुलीचा फोन आला होता.

मुलीनं जेवायच्या वेळेला फोन केला होता. सगळी मंडळी टेबलावर, फोन मधोमध ठेवलेला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. आईशी दोन शब्द बोलून तिनं वडिलांना सरळच विचारलं. बाबा, आई म्हणते तुम्ही माझ्या नावावर आमेन म्हणालात. खरं का?



“ते बोलेचनात,” मॅडम म्हणाल्या. “मला वाटलं, लाइन तुटली. मग म्हणाले, हो. म्हणालो होतो.”

मॅडम भरभरून सांगत होत्या. नंतर दोघं बाळाच्या खोलीबद्दल बोलली, हवेबद्दल बोलली, मतांबद्दल चकार शब्द कुणी काढला नाही. सरांनी मग नेहमीची प्रार्थना केली. ती अगदी तीच होती, देश, तो माणूस, सगळं जिथल्या तिथे. शेवटी फक्त एक नाव वाढलं होतं. मुलगी आमेन म्हणाली का ते मी विचारलं नाही. मॅडमनीही सांगितलं नाही.

त्या माझे आभार मानत राहिल्या. त्यांच्या लेखी मी खरं सांगणारी साक्षीदार होते. मला वाटलं, आता विचारावं. म्हटलं, मॅडम, मग मी येऊ का एखाद्या शुक्रवारी जेवायला? भात घेऊन येते.

त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, मी विचारलं होतं त्यांना. ते म्हणतात, एवढ्यात नको. का, ते सांगत नाहीत. तुझ्याबद्दल वाईट काही बोलत नाहीत हं, उलट चांगलंच बोलतात.

मी म्हटलं, असू दे मॅडम, त्यात काय. त्यांना कळणार नव्हतं, पण मला कळलं. ते आमेन म्हणाले नव्हते, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाला दुसऱ्याच्या समोर बसून जेवता आलं नसतं. मला आलं असतं. मी काहीही झालं नाही असं दाखवून त्यांच्या हातात हात दिला असता, आणि जन्मभर तोंडातून ब्र काढला नसता. पण हे त्यांना कोण सांगणार?